परीक्षा कॉलेजची, पेपर मात्र पोरांनी सोडवायचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात पत्रव्यवहाराच्या पानावर एका पालकांचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पोरांच्या गळ्यात ओपन इलेक्टिव्ह, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे जे ढीगभर विषय मारलेत त्यातून नक्की काय साधतंय ते कळायला पाहिजे, त्यासाठी सीईटी सेल घेतं तशी राज्यभर एकच ऑनलाइन टेस्ट घ्या, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, आणि कॉलेजनिहाय यादी लावा, म्हणजे कोण शिकवतं आणि कोण नुसती हजेरी लावतं ते उघडं पडेल. पत्र चिडून लिहिलं होतं पण चिडायला कारण आहे, ते मी नाकारत नाही. मी एका अनुदानित कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे कुणी 'मोजा' म्हटलं की मला बरंच वाटतं, पण ही टेस्ट त्यांनी सुचवलीय तशीच्या तशी घेतली तर शेवटी जो आकडा हातात येईल तो कशाचा असेल याबद्दल चार गोष्टी सांगाव्यात म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, हवी तिथे कात्री लावा.

ज्यांची पोरं अजून बारावीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. हे धोरण लागू करणारा राज्य सरकारचा २० एप्रिल २०२३ चा जीआर आला, स्वायत्त कॉलेजांनी लगेच सुरू केलं आणि आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. त्यात मेजर-मायनर (मुख्य आणि जोडविषय) सोडून ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीईसी (मूल्यशिक्षण), एईसी (भाषा), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली), सीसी (सहअभ्यासक्रम) अशी बाकीची गाडी आहे. म्हणजे कॉमर्सच्या पोराने थोडं विज्ञान शिकावं, सायन्सवाल्याने थोडं साहित्य, सगळ्यांनी पर्यावरण, संविधान, भाषा. कल्पना वाईट अजिबात नाही आणि नवीनही नाही, राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ सालीच 'जनरल एज्युकेशन' पदवीत आणा म्हणून सांगितलं होतं, अमेरिकेत हार्वर्डचा त्यावरचा गाजलेला रिपोर्ट १९४५ चा. आपल्याकडे ते अर्धवटच राहिलं. मुंबई विद्यापीठाचं फाउंडेशन कोर्स ज्यांनी केलंय त्यांना तसला एक प्रयत्न आठवत असेल, आणि पर्यावरणाचा पेपर तर सगळ्यांनीच दिलाय, तो सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहतांच्या याचिकेवर १९९१ साली सांगितल्यामुळे आला आणि पुढे यूजीसीने सहा महिन्यांचा सिलॅबस करून दिला. त्या पेपरातून किती जणांनी पर्यावरण शिकलं आणि किती जणांनी १६ सप्टेंबर ओझोन दिन एवढंच पाठ केलं हे आपण सगळे जाणतो.

आता या विषयांचं मूल्यमापन कसं चालतं तेही सांगते म्हणजे पालकांचा राग कशावर आहे ते कळेल. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे पन्नास मार्क, त्यातले काही इंटर्नल, उरलेले बऱ्याच ठिकाणी एमसीक्यू, कारण एका वर्गात शे-दीडशे पोरं आणि असे चार-पाच विषय, लिहिलेलं तपासणार कोण. मग वर्षाअखेर नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) फाइलसाठी आम्ही एक्सेलमध्ये 'आउटकम अटेन्मेंट', म्हणजे ठरवलेलं पोरांना किती साधलं त्याचा आकडा, काढतो. चिकित्सक विचार, तीनपैकी २.४. संवादकौशल्य, २.६. हा आकडा त्याच एमसीक्यूच्या मार्कांवरून आलेला असतो, म्हणजे ज्याने ओझोन दिन बरोबर टिक केला त्याची विचारशक्ती वाढली असं आम्ही लेखी कळवतो. कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा, यावर विश्वास ठेवणारा माणूस सापडायचा नाही. त्यामुळे बाहेरून कुणीतरी तटस्थ टेस्ट घ्यावी असं पालकांना वाटणं साहजिकच आहे.

पण हा प्रयोग दुसरीकडे होऊन गेलाय, आणि बऱ्यापैकी मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७९ पासून सरकारी कॉलेजांच्या निधीचा एक छोटा हिस्सा गुणवत्तेच्या निकषांशी जोडला, सध्या तो ५.४५ टक्क्यांपर्यंत आहे, आणि त्या निकषांतला एक म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोरांनी दिलेली जनरल एज्युकेशनची प्रमाणित टेस्ट. पुढे २००६ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी नेमलेल्या आयोगाने म्हटलं की कॉलेजांनी पोरं किती शिकली याचा पुरावा लोकांसमोर ठेवावा. लगेच पुढच्या वर्षी सरकारी विद्यापीठांच्या दोन संघटनांनी मिळून स्वेच्छेने आकडे जाहीर करायची योजना काढली आणि तीन टेस्टपैकी कुठलीही एक घ्या म्हणून सांगितलं. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे सीएलए (कॉलेजिएट लर्निंग असेसमेंट). ही टेस्ट मला मनापासून आवडते, कारण त्यात अ-ब-क-ड नव्हतं. पोराला कागदांचा गठ्ठा द्यायचे. एका कंपनीला छोटं विमान घ्यायचंय, त्याच मॉडेलचं विमान नुकतंच पडलंय, ही घ्या बातमीची कात्रणं, हा सरकारी अपघात अहवाल, हे ईमेल, हे तक्ते, आता दीड तासात साहेबांना लिहून द्या की विमान घ्यावं की नाही आणि का. यात पाठांतराला वावच नाही. आमच्या एखाद्या ओई पेपरात असा एक प्रश्न आला तर मी पेढे वाटेन.

एवढी चांगली टेस्ट असूनही गाडी कुठे अडली, तर पोर ती टेस्ट का देईल इथे. बघा, नेहमीच्या परीक्षेत परीक्षा पोराची असते, नापास झाला तर एटीकेटी त्याच्या नावावर. इथे परीक्षा कॉलेजची. पोराच्या गुणपत्रिकेवर काही येत नाही, पास-नापास नाही, नोकरीत कुणी विचारत नाही. शेवटच्या वर्षाचं पोर, प्लेसमेंटच्या नाहीतर एमपीएससीच्या नादात असलेलं, ते दीड तास कशाला डोकं चालवेल? दहा मिनिटांत काहीतरी लिहून बाहेर पडेल. आणि मग आपण त्या कागदावरून म्हणणार की तीन वर्षांत कॉलेजने काहीच शिकवलं नाही.

हे माझ्या मनाचं नाही. २०१२ साली ईटीएस या टेस्ट बनवणाऱ्या संस्थेच्याच तीन संशोधकांनी याचा प्रयोग केला, हे विशेष आहे, कारण स्वतःच्या दुकानातल्या मालाबद्दल कोण असं बोलतं. तीन कॉलेजांतली ७५७ पोरं घेतली, टेस्ट सगळ्यांना तीच, फक्त टेस्टच्या आधी दिलेला मजकूर वेगवेगळा. काहींना सांगितलं की तुमचे मार्क फक्त संशोधनासाठी आहेत. काहींना सांगितलं की तुमचे मार्क तुमच्या प्राध्यापकांना आणि नोकरी देणाऱ्यांना कळू शकतात. आणि काहींना, की यावरून तुमच्या कॉलेजबद्दल लोक मत बनवतील. चिठ्ठ्या टाकून वाटल्यासारखे गट, म्हणजे हुशार पोरं एकीकडे असा प्रकार नाही. फरक पडला तो थेट प्रमाण विचलनाच्या ०.६८ पटीपर्यंत. ज्यांना संख्याशास्त्राचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी: मधल्या नंबरावरचं पोर उचलून वरच्या पंचवीस टक्क्यांच्या दारात नेऊन ठेवावं एवढा हा फरक. तोही वरचा एक परिच्छेद बदलल्यामुळे. त्यांनी पुढे असंही दाखवलं की दुसऱ्या वर्षातून शेवटच्या वर्षापर्यंत पोरं भरपूर शिकली की काहीच शिकली नाहीत, हा निष्कर्षसुद्धा कुठल्या गटाची तुलना करता त्यावर उलटसुलट होतो. म्हणजे आपण यादी लावून ज्या कॉलेजला शेवटचा नंबर देऊ ते कदाचित पोरांना समजावून न सांगता संगणकासमोर बसवणारं कॉलेज असेल, बाकी काही नाही.

पालक म्हणतील, ठीक आहे, मग मार्क पोराच्या गुणपत्रिकेत धरा, झक मारत मनापासून देतील. हेही करून बघितलंय लोकांनी. फ्लोरिडात १९८२ पासून क्लास्ट नावाची टेस्ट होती, भाषा, वाचन, गणित आणि एक निबंध, ती पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नसे. मग सवलती आल्या, अमुक परीक्षेत एवढे मार्क असतील तर सूट, तमुक विषयात चांगली ग्रेड असेल तर सूट, आणि २००९ मध्ये टेस्टच बंद केली. आपल्याकडे तर काय होईल हे सांगायला संशोधन नको. ज्या दिवशी जीआर निघेल त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकाचौकात 'जनरल एज्युकेशन क्रॅश कोर्स, मागील प्रश्नपत्रिकांसह' असा फ्लेक्स लागेल, आणि कॉलेजवालेसुद्धा शेवटचं सेमिस्टर तयारीत घालवतील. मग चिकित्सक विचाराचेही वीस अपेक्षित प्रश्न निघतील.

ब्राझीलची गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटेल, मोठा देश, खासगी कॉलेजांचं पीक. तिथे १९९६ पासून प्रोव्हाओ नावाची परीक्षा सुरू झाली, पदवीच्या शेवटी, आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमाला ए ते ई ग्रेड. विद्यार्थी संघटनांनी बहिष्कार घातला, आणि तो घालायची पद्धत फार हुशार होती, हजेरी सक्तीची होती ना, मग हजर राहायचं आणि कोरा पेपर देऊन यायचं. ग्रेड पडायची ती कॉलेजची! २००४ पासून त्या जागी एनाडे आली, ती अजून आहे. बरीच वर्षं तिच्यात चाळीस प्रश्न असायचे, त्यातले दहा 'सामान्य शिक्षणाचे' आणि तीस ज्याच्या त्याच्या विषयाचे. यातही हजर राहिल्याशिवाय पदवी नाही, पण मार्क किती पडले याचा पदवीशी संबंध नाही, म्हणजे मूळ दुखणं तिथेच. फक्त एक शहाणपणाची गोष्ट त्यांनी केली, पोरं कॉलेजात येताना कुठे होती तेही बघायला लागले, आधी पहिल्या वर्षाच्या पोरांनाही तीच टेस्ट देऊन आणि नंतर प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेतल्या मार्कांवरून.

आणि हा माझा दुसरा मुद्दा. आमच्या भागात साखर कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून साखर किती निघाली, हा रोजच्या गप्पांचा विषय असतो म्हणून त्याच भाषेत सांगते. उतारा कमी आला म्हणून कारखाना वाईट असं कुणी जाणता शेतकरी म्हणत नाही, आधी विचारतो की ऊस कुठल्या जातीचा होता, तोडून किती दिवस पडला होता, आणि कारखान्यातला केमिस्टही आत आलेल्या उसात साखर किती होती आणि बगॅस आणि मळीतून वाया किती गेली हे वेगळं मोजतो. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एकच टेस्ट घेऊन यादी लावणं म्हणजे नुसता उतारा छापणं. पुण्यातल्या पंच्याण्णव टक्क्यांच्या कटऑफवाल्या कॉलेजचा नंबर पहिला येईल, एखाद्या तालुक्याच्या कॉलेजचा, जिथे पोरगी सकाळची एसटी चुकली तर पहिले दोन तास बुडवते, त्याचा शेवटचा. यासाठी तीन वर्षं थांबायची गरजच नाही, बारावीच्या मार्कांवरून ही यादी आजच लावता येईल. टेनेसीत ऐंशीच्या दशकात या टेस्टवर काम केलेल्या ट्रूडी बँटा यांनी नंतर हेच वारंवार लिहिलं, की अशा टेस्टमधली कॉलेजांची सरासरी ही मुख्यतः पोरं येताना काय घेऊन आली ते सांगते, कॉलेजने काय दिलं ते फार थोडं.

सीएलएवाल्यांना हे माहीत होतं, म्हणून ते पहिल्या वर्षाची शंभरेक पोरं आणि शेवटच्या वर्षाची शंभरेक पोरं एकाच वर्षी घ्यायचे आणि प्रवेश परीक्षेचे मार्क लक्षात घेऊन किती भर पडली ते काढायचे. कागदावर ठीक आहे. पण पहिल्या वर्षात शंभर पोरं असतात त्यातली शेवटच्या वर्षाला किती उरतात? जी सोडून गेली ती बहुतेक कच्ची किंवा अडचणीतली, त्यांना वगळून उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते, कॉलेजने बोटही हलवलं नाही तरी. आपल्या धोरणात तर बाहेर पडायची अधिकृत दारं आहेत, एक वर्षाला सर्टिफिकेट, दोन वर्षांना डिप्लोमा. म्हणजे ज्या कॉलेजातून जास्त पोरं मध्येच गळतील त्याचा तिसऱ्या वर्षाचा निकाल चांगला दिसेल. असं बक्षीस कुणाला द्यायचंय?

एवढं वाचून कुणाला वाटेल की बाईंना टेस्टच नको. तसं नाहीये. टेस्टमधून कामाच्या गोष्टी कळतात, मात्र यादी लावायच्या नादात त्या बाजूला पडतात. २०११ साली रिचर्ड अरम आणि जोसिपा रॉक्सा या दोन समाजशास्त्रज्ञांनी सीएलएचेच आकडे घेऊन पुस्तक लिहिलं, २४ कॉलेजं आणि २३०० हून जास्त पोरं, पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के पोरांत काही लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेत केवढा गदारोळ झाला, सगळ्या पेपरांत तो ४५ टक्क्यांचा आकडा. त्या आकड्याबद्दल उच्चशिक्षणाचे संशोधक अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी रास्त आक्षेप घेतला की एकेका पोराचा फरक मोजण्याइतकी ती टेस्ट बारीक नाही, लक्षणीय फरक दिसला नाही याचा अर्थ फरक झालाच नाही असा होत नाही. हे मी दरवर्षी एसवायच्या वर्गात फळ्यावर लिहिते आणि पोरं दरवर्षी पेपरात उलट लिहितात, पण ते असो. त्या पुस्तकातली जी गोष्ट मला मोलाची वाटली ती फारशी कुणी उचलली नाही: ज्या पोरांना आठवड्याला चाळीस पानांच्या वर वाचायला लावणारे आणि सेमिस्टरमध्ये वीस पानांच्या वर लिहायला लावणारे विषय होते त्यांची प्रगती जास्त दिसली. आणि निम्म्या पोरांनी आधीच्या सेमिस्टरला वीस पानं लिहायला लावणारा एकही विषय घेतलेला नव्हता.

आता आपल्याकडे या. दोन क्रेडिटच्या ओईमध्ये पोरगा किती पानं लिहितो? शून्य. मी मुद्दाम आकडा लिहिला, एमसीक्यूमध्ये गोळे काळे करतात, पानं लिहीत नाहीत. आठवड्याला चाळीस पानं वाचायची तर सोडाच, पूर्ण सेमिस्टरची पीडीएफ चाळीस पानांची असते आणि ती परीक्षेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागतात. यासाठी राज्यभर टेस्ट कशाला पाहिजे, वेळापत्रक आणि प्रश्नपत्रिका बघितली तरी कळतं.

भारतातल्या पोरांचीही अशी टेस्ट झालीय, इंजिनिअरिंगवाल्यांची. चीन, भारत आणि रशियातली कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रिकलची हजारो पोरं घेतली आणि २०२१ मध्ये नेचर ह्युमन बिहेविअर या जर्नलमध्ये निष्कर्ष आले. भारतातली पोरं पहिल्या दोन वर्षांत विषयाचं ज्ञान मिळवतात, पण चार वर्षांत चिकित्सक विचारात तिन्ही देशांत वाढ नाही. हा निष्कर्ष झोंबणारा आहे आणि तो नमुना घेऊन केलेल्या अभ्यासातून आला, प्रत्येक पोराची टेस्ट घ्यावी लागली नाही, कॉलेजांची पहिली-दुसरी यादी लावायची नव्हती. निवडणुकीचा एक्झिट पोल करायला कुणी सगळ्या मतदारांना विचारत नाही ना.

दुसरी एक अडचण पालकांच्या लक्षात आली नसावी, ती आतल्या माणसालाच दिसते. राज्यभर एकच टेस्ट घ्यायची तर राज्यभर पोरांनी काहीतरी एक सारखं शिकलेलं पाहिजे. ओपन इलेक्टिव्हमध्ये तसं नाहीये. कागदावर म्हणतात पोराने आवडीने निवडायचं, प्रत्यक्षात कॉलेजच्या टोपलीत तेच विषय असतात ज्या विभागाचा कार्यभार कमी पडतोय. एखाद्या विभागाचे तास कमी झाले की तिथल्या सरांची पोस्ट धोक्यात येते, मग त्यांच्या विषयाचं ओई काढायचं आणि कॉमर्सच्या अख्ख्या वर्गाला तिकडे पाठवायचं. मी यात कुणाला दोष देत नाही, भरती बंद, निम्मे लोक तासिका तत्त्वावर, जो तो आपली पोस्ट वाचवतोय. पण मग एका कॉलेजातल्या पोराने ओईमध्ये फळप्रक्रिया शिकली, दुसऱ्याने शेअर बाजार, तिसऱ्याने प्रवास वर्णन, यांना एकच पेपर द्यायचा तर प्रश्न कुठला विचारणार? शेवटी सगळ्यांना सामायिक म्हणून जनरल नॉलेज विचारणार, आणि ते या विषयांमुळे आलं की मोबाईलमुळे हे कुणालाच सांगता यायचं नाही.

मग करायचं काय. मला विचाराल तर पोरांनी खरोखर लिहिलेलं काम उचला आणि तपासा. अमेरिकेतही शेवटी बरेच जण इकडे वळले. तिथल्या एका मोठ्या कॉलेज संघटनेने २००७ ते २००९ मध्ये प्राध्यापकांना बसवून चिकित्सक विचार, लेखन, आकड्यांची समज अशा एकेका गोष्टीसाठी रुब्रिक, म्हणजे तपासणीचे तक्ते, तयार केले, चार पायऱ्यांचे, चौथी पायरी म्हणजे पदवी घेताना जिथे पोचावं अशी अपेक्षा. पोराने वर्गासाठी आधीच लिहिलेला निबंध किंवा प्रोजेक्ट घ्यायचा, नाव झाकायचं, आणि त्याला न शिकवलेल्या दोन प्राध्यापकांनी वेगवेगळं तपासायचं. हे काम मार्कांसाठी केलेलं असल्यामुळे पोराने मन लावलेलं असतं, म्हणजे ती मघाची डोकं न चालवण्याची भानगड बरीचशी मिटते. २००७ ची ती आकडे जाहीर करायची योजना होती ना, तिनेही पुढे टेस्टच्या बरोबरीने हा पर्याय मान्य केला. यात भांडणं होतात, दोन प्राध्यापकांचे आकडे जुळत नाहीत, बसून ठरवावं लागतं की आपण 'चांगला युक्तिवाद' कशाला म्हणतो. होऊ दे भांडणं. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये ज्यावर भांडणं होतात त्यापेक्षा हा विषय बरा आहे.

आणि टेस्ट हवीच असेल तर सीएलएसारखी, पण आपल्या मातीतली. समजा गावाला पाण्याची टंचाई आहे, ग्रामपंचायतीला नवीन बोअर मारायची की जुना पाझर तलाव दुरुस्त करायचा हे ठरवायचंय. पोराला द्या भूजल पातळीचा पाच वर्षांचा तक्ता, एका ठेकेदाराचं कोटेशन, स्थानिक पेपरातली बातमी, ग्रामसभेचं इतिवृत्त आणि एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड ज्यात निम्मं खोटं आहे. सरपंचांना दीड पानात लिहून दे. यात पर्यावरण आलं, आकडे आले, भाषा आली, संविधानातली पंचायत आली, म्हणजे व्हीईसी, एईसी, ओई सगळ्यांचा हिशेब एका जागी. मराठीत लिहायची मुभा पाहिजे, नाहीतर आपण विचार मोजायला जाऊ आणि इंग्रजी मोजून येऊ. प्रत्येक कॉलेजातून पहिल्या वर्षाची आणि तिसऱ्या वर्षाची थोडी पोरं चिठ्ठ्या टाकून निवडा, प्राचार्यांनी निवडलेली नकोत, ते कुणाला निवडतील हे सांगायला नको. जी पहिल्या वर्षी निवडली तीच पुढे तिसऱ्या वर्षी शोधा, सोडून गेली असतील तर का गेली तेही लिहा. निकाल कॉलेजला कळवा, विद्यापीठाला कळवा, पालकांना कॉलेजात येऊन बघता येऊ दे, पण यादी लावू नका आणि निधीला जोडू नका. यादी लागली की लोक टेस्टला हरवायच्या मागे लागतात, त्यात आपल्या माणसांचा हात कुणी धरू शकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर राज्यभर लाखो पोरांना संगणक केंद्रांवर बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल हे नक्की. वेळ मात्र जास्त लागेल, तपासायला माणसं लागतील, आणि त्या कामाचा कार्यभारात हिशेब धरावा लागेल. इथे विद्यापीठ काय म्हणेल ते मला ऐकायला आवडेल. आउटकम अटेन्मेंटच्या एक्सेलला आम्ही जेवढे दिवस घालवतो तेवढेच यात घातले तरी पुष्कळ झालं, ती एक्सेल मात्र तेवढी बंद करा.

संलग्न कॉलेजांची पहिली बॅच २०२६-२७ ला तिसऱ्या वर्षात असेल. म्हणजे त्या पालकांना जे बघायचंय ते बघायला जास्त दिवस उरलेले नाहीत, आणि पहिल्या वर्षाला ही पोरं कुठे होती याची नोंद कुठल्याच कॉलेजकडे नाहीये, ती संधी गेली. निदान पुढच्या जूनमध्ये जी पहिल्या वर्षाला येतील त्यांची तरी घ्या. मी आणि आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम मिळून वर सांगितला तो पाण्याचा गठ्ठा तयार करतोय, आमच्यापुरता, कुणाची परवानगी न मागता, प्रोजेक्टचा भाग म्हणून. तपासायला दुसऱ्या कॉलेजातले दोघं-तिघं हवेत, आमच्या पोरांना न ओळखणारे. कुणाची तयारी असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. मानधन नाही, चहा आहे. आणि ज्या पालकांनी ते पत्र लिहिलं त्यांनाही आग्रहाचं बोलावणं, एक दिवस येऊन बसा, पाच-दहा पेपर तुम्हीही वाचा.

कळावे,
आपली विश्वासू,
संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका, जि. सांगली
(नाव छापू नये ही विनंती)